रायफल कुणी निवडायची

बंदुकीतलं काही कळत नसताना बंदुकीवर बोलणाऱ्या माणसाचा मला जेवढा राग येतो, तेवढा दुसऱ्या कशाचाच येत नाही. आणि मागच्या वर्षी आंधळगावात अशा माणसांचं पीकच आलं होतं. पानठेला म्हणू नका, कटिंगचं दुकान म्हणू नका, धानाचा काटा म्हणू नका, जिथं जावं तिथं एकच चर्चा: डिंपलसाठी कोणती रायफल मागवायची. ज्यांनी जन्मात गुलेरीनं पोपट उडवला नाही, ते मला नळीची लांबी शिकवत होते. मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले की झाले तज्ज्ञ.

मी खेमराज. फौजेत बावीस वर्षं आर्मरर होतो, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा. निवृत्त होऊन गावी आलो आणि बंद पडलेल्या गिट्टीच्या खदानीत, रीतसर परवानगी काढून, पोरापोरींना नेमबाजी शिकवायला लागलो. तोंडावर लोक मला हवालदार म्हणतात, पाठीमागं भडकू हवालदार म्हणतात. दोन्ही खरं आहे. पण ही गोष्ट माझी नाही, डिंपलची आहे. माझा भाग येईल तिथं मी लपणार नाही.

डिंपल ही तुलारामची मुलगी. मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या, पाळीखाली, मातीच्या बांधाला लागून, त्यांचं घर आहे. तुलाराम आणि त्याची बायको धुरपता, दोघंही मासेमारी सोसायटीत आहेत. डिंपल पंधराची असताना शाळेच्या शिबिरात माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी तिनं रायफल चुकीची धरली, तेव्हा मी तिच्या हातावर छडी मारून पकड दुरुस्त केली. माझ्याकडे सगळ्यांनाच पहिल्या दिवशी छडी मिळते. बरीच पोरं दुसऱ्या दिवशी येत नाहीत. ही आली, आणि चार वर्षं येत राहिली, सायकलवर सहा किलोमीटर, पावसात टायरभर चिखल घेऊन.

तिला वारा दिसतो. ही थापेबाजी नाही. गोळीला वारा ढकलतो आणि लांबच्या निशाण्यावर तोच माणसाला खातो. माझी बाकीची पोरं झेंडीकडे बघून वारा ओळखतात, म्हणजे वारा येऊन गेल्यावर. ही मात्र झेंडी हलायच्या आधीच थांबते. मी एकदा विचारलं, कसं गं? तर म्हणाली, "काका, पान्यावर वारा आधी दिसते, अंगाले मंग लागते. इथं पानी नाही त गवत पाहतो." खदानीच्या काठावरचं कुसळी गवत ती तलावासारखं वाचत होती. मी बावीस वर्षांत असं पोर पाहिलं नाही. राग येतो तो यासाठीच, की असं पोर लाखातून एक मिळतं आणि आपण त्याचं काय करतो ते बघा.

पॉइंट टू-टू रायफलीवर, म्हणजे बारीक गोळीच्या पन्नास मीटरवाल्या रायफलीवर, तिनं राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत मजल मारली. त्यावर तिच्या नावानं एक रायफल परदेशातून मागवायची परवानगी आली. तीनशे मीटरची मोठी रायफल. आणायची आमच्या नेमबाजी मंडळानं, वापरायची डिंपलनं. एकच. एकदा मागवली की बदलून मिळत नाही. तीनशे मीटरच्या निवडचाचणीला तीच घेऊन जायचं. रायफल चुकली तर डिंपलचं तिथंच संपलं, कारण दुसरी घेऊन द्यायची ऐपत ना तुलारामची, ना माझी.

मंडळाचे अध्यक्ष पुंडलिकराव. यांची राइस मिल आहे. धानाचा दाणा दातानं फोडून ओल सांगतात, आणि त्यामुळं त्यांना वाटतं की जगातलं सगळंच दातानं फोडून कळतं. मिलच्या ऑफिसात बैठक भरली. पुंडलिकराव मोबाइल पुढं करून म्हणाले, "हे पाहा हवालदार. थर्टी बोअर. खाली दोन पाय, वर दुर्बीन. हे ठेवली मंडळात त भंडाऱ्यापर्यंत नाव होते."

"स्पर्धेत दुर्बीण चालत नाही," मी म्हटलं. "पायही चालत नाहीत. झोपून, हातावर पट्टा गुंडाळून मारायची असते."

"मंग फोटोपुरती लावू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना समजावलं, म्हणजे ओरडलो, की तीसच्या बोअरची, म्हणजे साडेसात मिलिमीटरहून जाड, गोळी खांद्याला धक्का देते, एका डावात साठ गोळ्या मारायच्या असतात, आणि विसाव्या गोळीनंतर धक्क्याच्या भीतीनं डोळा आधीच मिटायला लागतो. त्यापेक्षा साडेसहा मिलिमीटरची घ्या. गोळी बारीक आणि लांबट असते, वारा कापून जाते, धक्काही कमी. ते म्हणाले, मोठी ते मोठी. मी म्हटलं, तुम्ही तांदूळ बघा. त्यांचा चेहरा काळवंडला. दोन तास आमचं असं चाललं होतं.

या सगळ्या वेळात डिंपल तिथंच होती. तिनं आम्हाला चहा दिला, उजव्या हातानं, डाव्या हाताची बोटं उजव्या कोपराला लावून, धुरपतानं शिकवलं तसा. मग दाराजवळच्या स्टुलावर बसली. आम्ही तिच्या खांद्याबद्दल, तिच्या डोळ्याबद्दल, तिच्या वजनाबद्दल भांडत होतो आणि ती रिकाम्या कपांकडे बघत होती. मला वाटलं, पोरगी संस्कारी आहे.

मला त्या दिवसांत आणखी एक गोष्ट छळत होती. डिंपल चाळीस गोळ्यांपर्यंत सोन्यासारखी मारायची, आणि त्यानंतर गोळी भरकटायला लागायची. एक बरोबर मध्ये, दुसरी बाहेर. काही ताळमेळच नाही. मी काडतुसांची पेटी बदलली. नळी घासून घासून झिजवली. ट्रिगर खोलून परत बसवला. तिला ओरडलो की ट्रिगर दाबत नाहीस, ओढतेस. शेवटी धुरपताला बोलावून सांगितलं की पोरीला रोज एक अंडं द्या. डिंपल एकदा म्हणाली, "काका, डावा डोळा मंधात येते." मी म्हटलं, एवढंच ना? टोपीला एक काळी पट्टी शिवून आणली आणि तिच्या डाव्या डोळ्यासमोर सोडली. आठ दिवस बरं चाललं. मग उजव्या डोळ्याला पाणी यायला लागलं आणि परत तेच. मी परत ओरडायला लागलो.

अखेर मी मंडळ सोडायची धमकी दिली तेव्हा पुंडलिकराव नमले. साडेसहा मिलिमीटर ठरली. त्या रात्री मी जेवताना बायकोला तीन वेळा सांगितलं की कसा त्यांना गप्प केला. दुसऱ्या दिवशी मागणीचा अर्ज भरायला बसलो. बोअर, नळीची लांबी, वजन, खांद्याला टेकायच्या दस्त्याचा प्रकार, गालाखालची पट्टी खालीवर होणारी की पक्की. एकेका रकान्यावर मी अर्धा अर्धा तास विचार केला. एक रकाना होता, 'हात'. त्यात मी 'उजवा' वर खूण केली. पेन थांबलंसुद्धा नाही.

अर्ज सोमवारी जाणार होता. परवानगी डिंपलच्या नावची, म्हणून त्यावर तिची सही लागायची. रविवारी सकाळी तिनं खदानीत यायचं, सराव करायचा आणि सही करायची, असं ठरलं होतं. ती आलीच नाही. मी नऊपर्यंत वाट पाहिली. एवढी मोठी रायफल येणार, त्यासाठी मी अध्यक्षाशी वैर घेतलं, आणि बाईसाहेबांना सहीला यायला फुरसत नाही! अर्ज डिक्कीत टाकला आणि गाडी तलावाकडे दामटली. रस्ताभर काय काय बोलायचं ते मी जुळवत होतो.

पाळीवर गेलो तर सोसायटीचं मासोळी काढणं चालू होतं. वीस-पंचवीस माणसं कमरेइतक्या पाण्यात होती. धुरपता काठावर टोपल्यात मासे वेगळे करत होती. तुलाराम एका डोंग्यात वल्हं धरून बसला होता, आणि डोंग्याच्या टोकावर डिंपल उभी होती. खांद्यावर फेकायचं जाळं. मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात तिनं कंबर वळवली आणि जाळं सोडलं. हवेत ते पुरतं गोल उघडलं आणि एकाच वेळी सगळ्या काठांनी पाण्यावर टेकलं.

डाव्या हातानं.

मी तिथंच उभा राहिलो. तिनं दोरी ओढली, डाव्या हातानं. जाळं डोंग्यात झटकलं. मग पाणकावळा दुसऱ्या जाळ्यावर उतरला, तर तिनं डोंग्यातलं ढेकूळ उचलून भिरकावलं, तेही डाव्या हातानं. चाळीस-पन्नास हात लांब असलेल्या त्या पक्ष्याच्या चोचीपुढं पाणी उडालं.

"तुलाराम!" मी ओरडलो. "ही डाव्या हातानं कधीपासून फेकते?"

तुलाराम हसायला लागला. "जनमापासून, भाऊ. जाळं त ते डाव्यानंच फेकते. उजव्यानं फेकलं त गोल होत नाही तिचं."

"मग चहा, पेन, बंदूक?"

उत्तर धुरपतानं दिलं, मासे निवडता निवडता. "जेवाले उजवा, वाढाले उजवा, देवाले उजवा. लहानपनी डावा हात दोरीनं बांधून ठेवत होती मी, तवा कुठं सुधरली. पोरीच्या जातीले डावा हात चालते का? लोक काय म्हनतीन? जाळ्याचं काही नाही. मासोळीले काय समजते!"

मला तिच्यावर ओरडायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी आधी डिंपलला काठावर बोलावलं आणि म्हटलं, दोन्ही हात लांब कर, तळवे जोड, मध्ये भोक ठेव. त्यातून पलीकडच्या पाळीवरचं शिंदीचं झाड बघ. आता ते झाड न सोडता हात हळूहळू डोळ्याजवळ आण.

तिचे ओले हात सरळ डाव्या डोळ्यावर येऊन थांबले.

ही तपासणी फौजेत पहिल्या दिवशी करतात. माणूस कोणत्या डोळ्यानं नेम धरतो ते तीस सेकंदांत कळतं. माझ्या डोळ्यांदेखत शेकडो रंगरूटांची झालेली, शेकडोंची मी स्वतः केलेली. या मुलीची केली नाही. ती उजव्या हातानं जेवत होती, उजव्या हातानं सही करत होती, म्हणून मी धरूनच चाललो. तिचा नेमाचा डोळा डावा, आणि मी काय केलं? त्याच डोळ्यावर काळी पट्टी बांधली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. मी नळी घासत होतो. मी काडतुसं बदलत होतो. मी पोरीला अंडी खायला सांगत होतो!

"तू मला सांगितलं का नाहीस?" मी तिच्यावरच ओरडलो. लाज वाटायला हवी होती, पण सवय.

डिंपलनं ओढणीला हात पुसले. चार वर्षांत ती माझ्याशी कधी आवाज चढवून बोलली नव्हती. तेव्हाही चढवला नाही, पण नजरही खाली घातली नाही.

"पहिल्या दिवशी मी रायफल डाव्या खांद्यालेच लावली होती, काका. तुमी छडी मारली. म्हनले, 'बंदूक अशी धरतेत का, येडे?' अन् उचलून इकडं ठेवली. मले वाटलं, घरी माय तसंच म्हनते, इथं बी तसाच नियम असन."

पकड. मी पकड दुरुस्त केली होती. चार वर्षं मी ती गोष्ट लोकांना कौतुकानं सांगत होतो.

तलावावर माणसं ओरडत होती, टोपल्यात मासे तडफडत होते. मी डिक्कीतून अर्ज काढला. तिच्यापुढं धरला. आणि जे मी चार वर्षांत, आणि त्या दोन तासांच्या भांडणात, एकदाही विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"तुले कोनती पाहिजे, बाई?"

तिनं अर्जाकडे बघितलंसुद्धा नाही.

"सहा मिलिमीटर."

"साडेसहा."

"सहा. तीनशेलेच माराचं हाये ना? हजार मीटरले नाही. तीनशेले सहा पुरते. साठ गोळ्या झोपून माराच्या हायेत, काका, साडेसहाचा बी धक्का कायले खाऊ? वाऱ्यात थोडीशी जास्त सरकन, त सरकू द्या. वारा मी पाहून घेईन, धक्का नाही पाहता येत. दस्ता मांग-पुढं होनारा, गालाची पट्टी खालीवर होनारी. नळी जड, पन लय लांब नाही, माह्या हाताले तोल राहिला पाहिजे. अन् गोळी भराचा बोल्ट डाव्या बाजूनं." ती थांबली. मग म्हणाली, "स्पर्धेत डाव्यानं मारनारे पाहिले, तवापासून दोन वर्सं झाले ठरवून. त्या दिवशी मिलमंधी बी सांगनार होती. तुमी दोघंही बोलून राहिले होते."

सहा मिलिमीटर. मी घरी जाऊन जुन्या वह्या काढल्या, आकडे मांडले, तिला चूक ठरवायचा जिवापाड प्रयत्न केला. पोरगी बरोबर होती. तीनशे मीटरला जगभरचे चांगले नेमबाज तेच वापरतात. मला हे ठाऊक होतं, पण पुंडलिकरावांना तीसवरून खाली आणताना मी मधेच साडेसहावर अडकून बसलो होतो, कारण मला निशाणा नाही, भांडण जिंकायचं होतं.

सोमवारी मी नवा अर्ज घेऊन मिलमध्ये गेलो. डिंपल बरोबर होती. पुंडलिकरावांनी चष्मा लावून अर्ज वाचला आणि हाताच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"डावा? डाव्या हाताची रायफल याले चार महिने जास्त लागन, हवालदार. अन् उद्या मंडळातल्या दुसऱ्या पोट्ट्याले चालवता येईन का? हे कोनाची चूक?"

त्या माणसापुढं मी चार वर्षांत एकदाही खाली बघितलं नव्हतं. मी बघितलं.

"माझी."

"मोठ्यानं सांगा. मिलच्या आवाजात आयकू नाही येत."

"माझी चूक आहे, पुंडलिकराव. पोरगी डावखुरी आहे, तिचा डोळा डावा आहे, आणि मी चार वर्षं ओळखलं नाही."

ते खुर्चीत मागं टेकले. त्यांना किती सुख झालं ते लपलं नाही, आणि त्यांनी लपवलंही नाही. "मले तांदूळ पाहा म्हनले होते तुमी. तांदूळ पाहनारा मानूस पोतं उघडून दाना त पाहते! तुमी त पोतंच नाही उघडलं." मग म्हणाले, "लेखी द्या. सदस्यांनी उशीर काहून झाला विचारलं त मी काय सांगू?"

माझे कान तापले. माझ्यासारख्या माणसाला यापेक्षा छडी परवडली असती. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, त्याचाच तर जास्त राग आला. मी कागद ओढला आणि लिहून दिलं: 'शिकवणाऱ्याच्या चुकीमुळे अर्ज बदलावा लागला.' खाली सही केली. डिंपलनं अर्जावर सही केली, उजव्या हातानं. ती सही आता बँकेपासून परवान्यापर्यंत सगळीकडे तशीच गेली आहे, ती कुठं बदलणार?

रायफल यायला अजून अवकाश आहे. तोवर जुन्याच पॉइंट टू-टूवर सराव करायचा, बोल्ट चुकीच्या बाजूला असला तरी. धान कापून झालं होतं, धानाच्या बांध्यांमधली लाखोळीची रोपं वीतभर वर आली होती. मंगळवारी सकाळी मी तिच्या टोपीची काळी पट्टी ब्लेडनं उसवून काढली. ती चटईवर झोपली, पट्टा आवळला, आणि चार वर्षांनी रायफल परत डाव्या खांद्याला लावली.

मी बाजूला उभा होतो. काय झालं ते मला खोटं सांगायचं नाही. सगळं माहीत असून, सगळ्यांसमोर कबूल करून, लेखी देऊन, तिनं ती डाव्या खांद्याला लावल्याबरोबर माझा छडीचा हात आपोआप वर गेला.

तिनं गाल दस्त्यावरून उचलला नाही. डोळाही हलवला नाही.

"काका," ती म्हणाली, "हात खाली."

मी हात खाली घेतला. तिनं गवताकडे बघितलं, वारा जाऊ दिला आणि गोळी सोडली.